कावळ्याची बलस्थानं

महाराष्ट्रात एक मूल असं आहे, जे एकाच वेळी हजारो प्राथमिक शाळांत शिकतं. ते इतरांशी मिळूनमिसळून वागतं, वडीलधाऱ्यांचा आदर करतं, वर्गातल्या उपक्रमांत आवडीने भाग घेतं, परिसर स्वच्छ ठेवतं आणि ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतं. सुधारणा हवीच असेल तर ती फक्त हस्ताक्षरात. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्याच्यासोबत वर्णनात्मक नोंदी आल्या आणि त्या नोंदींच्या पोटी हे गुणी बाळ जन्माला आलं.

कल्पना मुळात फार चांगली होती, हे आधी सांगते. पोराच्या नावापुढे नुसता आकडा टाकून मोकळं होऊ नका. त्याच्यात काय चांगलं दिसलं, कशाची आवड दिसली, ते दोन ओळींत लिहा, इतकंच म्हणणं होतं. प्रगतिपत्रकावर 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे रकाने आले. पण वर्गात पस्तीस पोरं, विषय सात-आठ, सत्रं दोन, आणि वर पोषण आहाराचा तांदूळ, शौचालयाचे फोटो, मतदार यादी. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, त्यांच्या मागून पीडीएफ आल्या, आणि शेवटी अशा एक्सेल शीट आल्या की पोराचं नाव टाकलं की सद्गुण आपोआप उमटतात. माझ्या एका मैत्रिणीच्या शाळेत 'बोलतो'चं 'बोलते' करायचं राहून गेलं आणि सगळ्या मुली 'नम्रपणे बोलतो' निघाल्या. एक आजी प्रगतिपत्रक घेऊन शाळेत आल्या. त्यांची तक्रार व्याकरणाची नव्हती. "आमच्या नातीला नम्र कुणी म्हटलं?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

अशा आम्हा शिक्षकांच्या जमातीला 'बलस्थानाधारित शिक्षण व कथाकथनातून अध्यापन' या विषयाच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. तळाशी नेहमीप्रमाणे गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाईचा इशारा. विषय काही आकाशातून पडलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मूलभूत तत्त्वांची यादी आहे; प्रत्येक मुलाची वेगळी क्षमता ओळखून ती फुलवावी, हे तिच्यातलं पहिलंच तत्त्व. पुढे अनुभवातून शिकण्याविषयी लिहिताना गोष्टीतून शिकवण्याचाही उल्लेख येतो. आणि शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत, असंही धोरण म्हणतं. ही तीन वाक्यं एका दोरीत ओवली की तालुक्याच्या गावी एक सभागृह, एक प्रोजेक्टर आणि शंभरेक शिक्षक आपसूक जमा होतात.

बलस्थानं शोधायच्या त्या प्रशिक्षणाची सुरुवात पूर्वचाचणीने झाली. म्हणजे आम्हाला काय येत नाही, ते आधी तपासलं गेलं. लिंक उघडेना, कारण सभागृहात रेंज नव्हती. रेंज बाहेरच्या एका पायरीवर येते, असा शोध कुणीतरी लावला. मग त्या पायरीवर आणि तिच्या आजूबाजूला सगळा तालुका दाटीवाटीने उभा राहिला आणि एकमेकांना विचारून उत्तरं भरती झाली. ज्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली त्यांचे फॉर्म दुसऱ्यांनी भरले. निरीक्षण, सहकार्य, परस्परांवरचा विश्वास, मिळेल त्या साधनात काम भागवणं, एवढं सगळं एका पायरीवर दिसलं. फॉर्ममध्ये ते लिहायला रकाना नव्हता.

सुलभक तरुण होते, मनापासून बोलत होते. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धी एक नसून सात प्रकारच्या आहेत असं मांडलं आणि पुढे आठवी जोडली, हे त्यांनी सांगितलं. २००४ मध्ये क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांनी माणसाच्या चारित्र्याची २४ बलस्थानं सहा गटांत मांडली, तेही सांगितलं. मनाच्या दुखण्यांची जाडजूड सूची मानसशास्त्राकडे होती, चांगुलपणाची नव्हती. ती उणीव या दोघांनी भरून काढायचं ठरवलं. मला हे ऐकताना खरंच बरं वाटलं. मग पडद्यावर ते सुप्रसिद्ध चित्र आलं. झाडाखाली माकड, हत्ती आणि काचेच्या भांड्यातला मासा, आणि सगळ्यांना परीक्षा एकच, झाडावर चढा. खाली आइन्स्टाइनचं नाव. आइन्स्टाइन असं काही म्हणाल्याचा पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही, पण प्रशिक्षणात मासा आला की पाठोपाठ आइन्स्टाइन येतोच. सोबत असल्याशिवाय माशाला बहुधा सोडत नसावेत.

नंतर प्रत्येकाला एक कोरा कागद मिळाला. स्वतःची तीन बलस्थानं लिहा, वेळ पाच मिनिटं. सभागृहात एकदम चिडीचूप झालं. पेनांची टोपणं उघडली, मिटली. माझ्या डाव्या हाताला बसलेले गुरुजी निवृत्तीला टेकलेले. त्यांनी बराच वेळ कागद न्याहाळला आणि लिहिलं, '१. मागितलेली माहिती वेळेत पाठवतो.' आणखी विचार करून, '२. तीच माहिती पुन्हा मागितली तरी पाठवतो.' तिसरं काही सुचेना. शेवटी त्यांनी कागदाची सुबक घडी घालून खिशात ठेवली.

यात गुरुजींचा काय दोष? आपल्याकडे स्वतःचे गुण स्वतः सांगणं फार पूर्वीच मना झालेलं आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणांचा अख्खा समास लिहिला. त्यात आपली आपण स्तुती करणाऱ्याला जागा दिली आणि त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही बसवून टाकलं. आता स्वतःविषयी बोलायचं नाही आणि आजोबांविषयीही नाही म्हटल्यावर मराठी माणसाने कोऱ्या कागदावर लिहावं तरी काय? तो सेवाज्येष्ठता लिहितो. दुसऱ्याचं कौतुकही आपण मोजून-मापून करतो. स्वयंपाक उत्तम झाला तर 'वाईट नाही झालं'. पोरगी हुशार असेल तर 'बरी आहे अभ्यासात'. आणि अठ्ठ्याण्णव मार्क पडले तर 'उरलेले दोन कुठं सांडले?' अमेरिकेत बसून चोवीस गुणांची यादी करणाऱ्यांना या दोन मार्कांची कल्पना नसणार.

सुलभकांना हे ध्यानात आलं असावं. "बरं, राहू द्या," ते म्हणाले, "शेजारच्याची लिहा." आणि काय सांगावं, पेनं धावायला लागली! कागद पुरेना. त्या डावीकडच्या गुरुजींविषयी मला एवढं ठाऊक होतं की मी मागच्या बाजूलाही लिहिलं. जूनमध्ये पहिलीत आलेलं, आईच्या पदराला लोंबकळून भोकाड पसरलेलं पोर हा माणूस पाच मिनिटांत गप्प करतो. कसं, ते कुणाला कळलेलं नाही. कानात काहीतरी सांगतात. शाळेची पेटी स्वतः खोलून सूर लावतात. गावातल्या दोन भावकीचं भांडण त्यांच्या ओसरीवरच्या एका चहात मिटलेलं मी पाहिलं आहे. उजवीकडच्या बाईंनी माझ्याविषयी काय लिहिलं, ते इथे सांगणं समर्थांच्या नियमात बसत नाही.

दुपारच्या सत्रात गटकार्य. चार्टपेपर, स्केचपेन आणि प्रत्येक गटाला एक ओळखीची गोष्ट. पात्रांची बलस्थानं शोधून सादरीकरण करायचं. आमच्या वाट्याला चिऊ-काऊ आले.

कावळ्याकडे बलस्थानाच्या नजरेने आजवर कुणी पाहिलेलंच नसावं, असं काम सुरू केल्यावर लक्षात आलं. त्याचं घर शेणाचं, म्हणजे स्थानिक, स्वस्त आणि पर्यावरणपूरक साहित्याचा वापर. पावसात घर वाहून गेलं तरी तो कपाळाला हात लावून बसला नाही, म्हणजे संकटात खंबीर. शेजाऱ्याकडे मदत मागायला लाजला नाही, म्हणजे संवादकौशल्य. दार उघडत नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा हाका मारल्या, म्हणजे चिकाटी. चिमणीकडेही तोटा नव्हता. मेणाचं घर, म्हणजे दूरदृष्टी. आधी बाळाची अंघोळ, मग पावडर-काजळ, मग निजवणं, म्हणजे वेळेचं नियोजन आणि कामांचा प्राधान्यक्रम. कावळा निळ्या रंगात, चिमणी गुलाबी रंगात. चार्ट असा देखणा झाला की फोटो काढायला दुसऱ्या गटातली मंडळी येऊन गेली.

आमच्यातल्या एक बाई इतका वेळ मुकाट्याने पट्टीने रकाने आखत होत्या. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "शेजारी बाहेर पावसात भिजतोय आणि ही आत लेकराला तीट लावत बसलीय. हे कुठल्या चौकटीत लिहू?"

झालं. एकाने चिमणीची बाजू घेतली. बाई घरात एकटी, पदरात लेकरू, रात्रीची वेळ, दारात परका पुरुष; का उघडावं तिने दार? "परका कसला, शेजारीच की," दुसरा म्हणाला. "शेजाऱ्याचंच भ्या जास्त," मागून एक बाई म्हणाल्या आणि त्यावर काही जणी हसल्या, काही हसल्या नाहीत. कृष्णाकाठच्या गावातून बदलून आलेल्या एका सरांनी २०१९ च्या पुरातली गोष्ट सांगायला घेतली. पाणी चढत होतं तेव्हा उंचावरच्या कुणी कुणासाठी दार उघडलं, कुणी दिवा मालवून झोपेचं सोंग घेतलं, आणि पाणी ओसरल्यावर ती दोन्ही घरं एकाच पंगतीला कशी बसली. सर सांगत होते आणि एक-एक गट खुर्च्या ओढत आमच्याकडे सरकत होता. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. गोष्ट पंगतीपर्यंत आली, पुढे काय झालं हे विचारायला सगळे टपलेले, आणि सुलभकांनी घड्याळ पाहिलं. "छान चर्चा झाली. वेळेअभावी आपण पुढच्या गटाकडे वळू."

पुढचा गट ससा-कासवाचा होता. त्यांचं काम निर्विघ्न पार पडलं.

यानंतर कथाकथनाचं तंत्र. आवाजातले चढउतार, हावभाव, नजरेचा संपर्क, साहित्याचा वापर, असं एकेक पडद्यावर येत गेलं. गोष्ट मात्र एकही आली नाही. गोष्टी होत्या त्या बाहेर, चहाच्या कपाभोवती. एका सरांनी निवडणुकीच्या ड्यूटीवर रात्री मतदान केंद्रात शिरलेल्या म्हशीची हकिगत सांगितली. म्हशीचा आवाज, शिपायाचा आवाज, मतदान यंत्र पोटाशी धरून टेबलावर चढलेल्या केंद्राध्यक्षांचा आवाज, सगळे वेगवेगळे. पडद्यावर लिहिलेलं सगळं त्यात होतं, आणि हातात बशी. चहा झाल्यावर याच सरांना नमुना कथाकथनासाठी व्यासपीठावर बोलावलं. त्यांनी शर्ट खोचला, घसा साफ केला आणि परिपाठाच्या सुरात म्हणाले, "एका गावात एक प्रामाणिक लाकूडतोड्या राहत होता. तर यावरून आपल्याला असा बोध मिळतो की…" दोन्हींच्या मध्ये लाकूडतोड्या पाण्यात कुऱ्हाड टाकून, ती परत घेऊन केव्हा घरी गेला, कळलंही नाही.

ही परिपाठाची सवय आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा. रोज एक याप्रमाणे आमची पोरं चौथीपर्यंत एवढे बोध घेतात की त्यांना गोष्ट ऐकायची गरज उरत नाही. सिंह आणि उंदराची गोष्ट सांगून विचारा, यावरून काय शिकलात? पोरं एका सुरात सांगतात, "खोटं बोलू नये." तहानलेला कावळा? "खोटं बोलू नये." गोष्टीत कुणी खोटं बोललेलं नसलं तरी चालतं. बाई बोध मागतायत, तो देऊन टाकला की सुटका होते, हे त्यांना पक्कं कळलेलं आहे.

मराठीतला गोष्टीने शिकवणारा आद्य शिक्षक म्हणून मला चक्रधर स्वामींचं नाव घ्यावंसं वाटतं. केसोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'त त्यांचे ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाचे तीन भाग. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टांतिक. यातलं सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे तेराव्या शतकातही गोष्ट गुरूने सांगितली आणि तात्पर्याचं काम कार्यालयाने केलं. विष्णुशर्म्याचीही तऱ्हा पाहा. राजाची तीन मठ्ठ पोरं, मुदत सहा महिने, मानधन म्हणून शंभर गावांचं आमिष. ऐंशी वर्षांच्या त्या ब्राह्मणाने गावं नाकारली, मुदत स्वीकारली आणि सहा महिने पोरांना कोल्हे, बैल, माकडं, मगरी यांच्या संगतीत ठेवलं. पूर्वचाचणी घेतल्याचा उल्लेख पंचतंत्रात नाही. पोरं मठ्ठ आहेत हे राजाने आधीच सांगितलं होतं. तो रकाना भरलेलाच होता.

पण माझा खरा जीव गिजुभाई बधेका यांच्यावर. हा वकील वकिली सोडून भावनगरला पोरांत रमला, १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं, आणि भरघोस मिशांमुळे गुजरातेत 'मूछाळी मा' झाला. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी मोठ्या तयारीने शांततेचा खेळ मांडतो, पोरं त्या खेळाचा असा धुव्वा उडवतात की सुट्टी देऊन टाकावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि वर्ग हातात येतो. मग बाकीचे शिक्षक कुरकुरतात, शिकवत काही नाही, नुसत्या गोष्टी सांगतो. पुस्तक जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं, कुरकुर ताजी आहे.

भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि तिथून अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पाड्यांवरची पोरं शाळेत येईनात. गुरं कुणी राखायची? तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरतायत, पोरं तिथेच शिकतायत, आणि शिकवायला पानं, बिया, खडे. कुरणशाळा म्हणत तिला. बलस्थानांची चोवीस कलमी यादी तेव्हा कुणी केलेली नव्हती. गुरं राखणाऱ्या पोराला गुरं राखता येतात, ही त्याची अडचण न धरता तिथून सुरुवात केली, एवढंच.

मला हे सारखं आठवतं, कारण गेल्या वर्षी माझ्या वर्गात तिसरीत एक मेंढपाळाचा पोरगा होता. आमचा भाग दुष्काळी. दिवाळी झाली की मेंढरांचे वाडे कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरगा जूनमध्ये उगवतो आणि दिवाळीत मावळतो. वाचन अडखळत, हातच्याची वजाबाकी त्याला मान्य नाही. तयार नोंदींच्या पुस्तकात याच्याजोगं एकच वाक्य सापडतं, 'अधिक सरावाची गरज'.

एक दिवस मी भोपळ्यातून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगत होते. परिपाठातली नाही, तासातली. बोध मागायचा नाही, असं ठरवून. म्हातारी भोपळ्यात बसली, भोपळा निघाला, आणि मागून आवाज आला, "बाई, चढाला कसा जाईल त्यो?"

"कोण?"

"भोपळा. उताराला जाईल. चढ आला की थांबंल, न्हाई तर माघारी यील."

वर्ग थांबला. मी म्हटलं, वाट उताराची असेल. तो म्हणाला, मग जाताना म्हातारी चढून गेली का? एवढी म्हातारी? आणि वाघ, कोल्हा, असे एकामागोमाग एक वाटेत बसून राहत नाहीत, वाघाच्या वाटेवर कोल्हा थांबत नाही. आमच्या माळाला लांडगा असतो. तो पुढ्यात येऊन 'खातो' म्हणून सांगत नाही, मागनं येतो. कुत्रं आधी गुरगुरतं, मग मेंढरं एका अंगाला दाटतात, तेव्हा समजायचं. हे सांगताना तो बाकावर उभा राहिला होता. पहिल्या रांगेतल्या एका मुलीचं लक्ष भलतीकडेच होतं. तिने विचारलं, "लेकीनं जावयाला सोडवायला का न्हाई धाडलं?" त्यावर मुलींमध्ये बरीच चर्चा झाली आणि जावई बरा नसावा, असं ठरलं.

त्या तासाला परिसर अभ्यासाचा पाठ राहून गेला. मेंढरं शेतात बसवल्यावर शेतकऱ्याकडून रात्रीला किती धान्य मिळतं, किती मेंढरांना किती, चार रात्रींचे किती, हा हिशेब पोरगा तोंडी करत होता आणि मी फळ्यावर मांडत होते. वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, कशी बांधतात ते त्याने दप्तराच्या पट्ट्यांनी करून दाखवलं. त्यात हातच्याची वजाबाकी दोनदा आली. त्याला पत्ता लागला नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता, माळावरच्या पोरात रामानुजन सापडला असं काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकातली वजाबाकी त्याने पहिल्यासारखीच चुकवली. वाचनही तसंच अडखळत. आणि इथे बलस्थानवाल्यांशी माझं थोडं वाजतं. एखाद्या पोराचा एक गुण सापडला की आपण त्याच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवून निवांत होतो. हा निसर्गात रमणारा, याला वाचन नाही जमलं तरी चालेल. ही नाचणारी, हिला गणित कशाला? गार्डनर यांनी स्वतः बजावलं आहे की बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, पण ते बजावणं सरकचित्रांवर सहसा येत नाही. मेंढपाळाच्या पोराला लांडगा कळतो हे खरं. उद्या मेंढरांच्या नुकसानभरपाईचा अर्ज त्यालाच वाचायचा आहे, हेही तितकंच खरं. म्हणून मी त्याने सांगितलेलं लांडग्याचं सगळं त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवलं आणि तेच त्याला वाचायला दिलं. स्वतःची गोष्ट असल्यामुळे तो अडखळला की चिडायचा. 'गुरगुरतं' हा शब्द त्याने शुद्धलेखनाच्या नियमांना न जुमानता लिहिला. ऐकायला बरोबर होता.

सत्राअखेर त्याच्या नोंदीत मी लिहिलं, 'भोपळा चढावर जात नाही, हे वर्गाला पटवून दिले.' तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हे कुठल्या अध्ययन निष्पत्तीत बसतं?" मी म्हटलं, तीन-चारांत बसेल, सर, तुम्ही सांगाल तिथे टाकते. त्यांनी चश्मा काढला. "पण म्हातारी मग आली कशी?" त्यांनी विचारलं. साहेब मूळचे शिक्षकच.

प्रशिक्षणाची पुढची फेरी येईल, तिच्यात गुरुजींना पुन्हा कोरा कागद मिळेल. रडणाऱ्या पोरांच्या कानात काय सांगतात, ते त्यांनी एकदा मोठ्याने सांगावं आणि त्यासाठी अख्खा तास राखून ठेवावा, अशी सूचना मी अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये लिहिली आहे. 'अतिउत्तम', 'उत्तम' आणि 'समाधानकारक' यांच्या खाली इतर म्हणून एक ओळ होती, तिच्यात कशीबशी मावली. पुराची गोष्ट पुढे काय झाली तेही त्या सरांना विचारायचं राहिलंय.

पोरगा दिवाळीनंतर गेला आणि यंदा जूनमध्ये चौथीत परत आला. आमची शाळा दोन शिक्षकी, चारही वर्ग एकमेकांच्या कानावर. एक दिवस दुसऱ्या खोलीत मी हजेरीपट भरत होते, तेव्हा तो पहिलीच्या पोरांना म्हातारीची गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत म्हातारी भोपळ्यात बसलीच नाही. लेकीच्या गावाहून एक वाडा निघाला होता, त्यात ती घोंगडी पांघरून मेंढरांच्या मधोमध चालत आली. पुढे घोडं, मागे दोन कुत्री. वाघाने बघितलं, कोल्ह्याने बघितलं, कुणाला म्हातारी ओळखूच आली नाही. लांडगा मात्र मागनं आला. कुत्र्यांनी तो पार ओढ्यापर्यंत पिटाळला, त्या पिटाळण्याला बराच वेळ गेला आणि पहिलीचा वर्ग त्यात जिवाच्या आकांताने भुंकला.

"आणि भोपळा?" भुंकणं थांबल्यावर एकीने विचारलं.

"मेंढरांनी खाल्ला," तो म्हणाला आणि पुढची गोष्ट सुरू केली.